छत्तिसावी वाटी

आमच्या नानांचा विश्वाबद्दलचा सिद्धांत लोणारमधल्या छत्तीस घरांत पोचला, आणि बहुतेक घरांनी तो आधी राखेनं घासून घेतला. हे कसं झालं ते सांगते.

नाना म्हणजे माझे वडील, शालिग्राम गुरुजी. लोणारच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाले त्या साली सरोवराचा अभ्यास करायला काही परदेशी भूगर्भशास्त्रज्ञ आले होते. जाताना ते विश्रामगृहात इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा टाकून गेले. शिपाई त्यात भजी बांधायच्या बेतात होता. नानांनी त्याला जुनी वर्तमानपत्रं देऊन गठ्ठा घरी आणला.

त्यात दोन लेख होते. एक कृष्णविवरांवर. मोठा तारा स्वतःच्या वजनानं कोसळतो आणि अशी जागा तयार होते की तिच्यात गेलेलं काही, उजेडसुद्धा, परत येत नाही. पण लेखात पुढं असं होतं की आत गेलेल्याची किती नोंद राहते हे विवराच्या पोटावरून मोजायचं नसतं, ते त्याच्या पृष्ठभागावरून ठरतं. दुसरा लेख होलोग्रामवर. एक सपाट काच, तिच्यावर नुसत्या डोळ्यांना काही कळणार नाही अशा रेघा. विशिष्ट उजेड पाडला की खोली असलेलं चित्र हवेत उभं राहतं. काच फुटली तर प्रत्येक तुकड्यात पूर्ण चित्र दिसतं, जरा अंधुक.

हे दोन्ही लेख नानांनी एकाच आठवड्यात, हिवतापाच्या अंथरुणात वाचले, आणि त्यांना अडवायला घरात कोणी नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली होती. आत्या होती, पण ती काढा करण्यात गुंतली होती. ताप उतरला तेव्हा सिद्धांत तयार होता. हे सगळं जग कुठल्यातरी अफाट काठावर लिहिलेलं आहे आणि आपण म्हणजे त्या लिखाणाचं हवेत उभं राहिलेलं चित्र आहोत.

जन्मभर एवढ्या मोठ्या खड्ड्याच्या काठावर राहिलेल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. गावानं मात्र शंका काढली. "गुरुजी, आत गेलेलं परत येत नाही कसं म्हनता? आपल्या खड्ड्यातून वास येते ना."

नानांना शंका आवडत. कुठलाही निबंध लिहिताना ते प्रत्येक पानावर एकपासून सुरू करून प्रत्येक ओळीला आकडा घालत, म्हणजे ऐकणाऱ्याला "ओळ सतरा, शंका" असं म्हणता यावं. वर्गातही तसंच. मी अकोल्याला महाविद्यालयात ग्रंथपाल झाले तरी त्यांची पत्रं मला आकड्यांसकट येत. "७. आत्याचे गुडघे बरे आहेत. ८. हे तिचं म्हणणं आहे."

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर पत्र आलं, की सिद्धांतावरचा निबंध पूर्ण झाला आहे. बाकी सगळं दोस्त जानरावला वाचून दाखवलं आहे, शेवटचं पान ठेवलं आहे. ते आधी तू वाचायचंस. मी लिहिलं, फेब्रुवारीत येते. ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी चालू होती.

ते जानेवारीत गेले.

तेरवीला आमच्याकडे, म्हणजे त्या भागात बऱ्याच घरांत, गेलेल्याच्या नावानं भांडं वाटतात. वाटी, पेला, जे झेपेल ते. त्यावर नाव टाकून घ्यायचं. हे काम आत्यानं स्वतःकडे घेतलं. सत्यभामाबाई नाव असलेल्या बाईनं काही स्वतःकडे घेतलं की ते परत मागता येत नाही. पाहुणे, स्वयंपाक, भटजी यांत मी कागदांचा विचार केला नाही. तेरवी झाली, लोक वाट्या घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांच्या टेबलावरचा निबंध हातात घेतला. पंचवीस पानं होती. शेवटचं नव्हतं.

"आत्या, यातलं शेवटचं पान कुठं आहे?"

"कोनतं? ते एका बाजूनं कोरं होतं ते?"

"तेच असेल."

"त्याच्यावरच तर लिहून देलं इंद्रभानले. शालिग्राम गुरुजी यांचे स्मरणार्थ, वाट्या पन्नास. दुसरा कागद कुठून आनू? समदे त्यानं भरून ठेवले दोन्हीकडून."

मी तशीच उठले आणि बसस्टँडजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेले. दुकानाच्या पायरीवर इंद्रभान बसतो. जाड भिंगांचा चष्मा, गुडघ्यात वाटी, एका हातात बारीक छन्नी, दुसऱ्यात चिमुकली हातोडी. टिंबाशेजारी टिंब ठोकत तो अक्षर काढतो. लोणारमधल्या कुठल्याही भांड्यावरचं नाव बघा, ते त्याच्या हातचं.

"इंद्रभानभाऊ, आत्यानं दिलेला कागद आहे का?"

"जाळला, ताई."

"जाळला?"

"मेल्या मानसाच्या नावाची चिठ्ठी मी दुकानात ठेवत नाई. काम झालं की बिडीसंगं जाळतो. वीस वर्सं झाले, तोच नेम."

मी पायरीवर बसले. त्याला वाटलं मला भोवळ आली, म्हणून त्यानं पाणी दिलं. पाणी नव्याकोऱ्या वाटीत होतं. ते पीत असताना मला सुचलं म्हणून विचारलं, "त्या कागदाच्या मागच्या बाजूला काय होतं, पाहिलं होतं का?"

"पाह्यलं म्हंजे? यादी होती ना. टाकली की."

"काय टाकली?"

"यादी. आता हे पाहा, लग्नाची भांडी येतात, तव्हा चिठ्ठीवर नंबर टाकून नावं असतात. एक ओळ, एक भांडं. तुमच्या कागदावर छत्तीस नंबर होते. छत्तीस वाट्यांवर छत्तीस ओळी टाकल्या. उरल्या चवदा. त्यांच्यावर स्मरनार्थ टाकलं. हिशेब बरोबर पन्नास."

"पण ती नावं नव्हती, भाऊ!"

"ते मी पाहत नाई," इंद्रभान म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा कडक झाला. "एकदा एकाचं आडनाव शुद्ध करून टाकलं होतं. चार भावांनी येऊन मारलं. तव्हापासून जसं लिव्हलं तसं. काना नाई, मात्रा नाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की नानांचं शेवटचं पान गेलेलं नाही. ते गावभर वाट्यांच्या काठांवर लिहिलेलं आहे. नाना असते तर त्यांनी मला आनंदानं बसवून पुन्हा सगळा सिद्धांत समजावला असता. मी वही घेतली आणि निघाले.

पहिल्यांदा गेले सरपंच नारायणरावांकडे. ते ओट्यावर बसले होते आणि वाटी त्यांच्यासमोर पालथी होती.

"या ताई. तुमच्या वडिलानं मले जिवंतपनी कधी असं बोलून नाई दाखवलं."

मी वाटी उलटी करून काठ वाचला. *१२. जितका आकार मोठा, तितका आत पोकळ.*

"नारायणराव, हे कृष्णविवराबद्दल आहे."

"हाव का? मंग माह्याच घरी काऊन आलं?"

"योगायोगानं."

"पन्नास वाट्या, आन् बरोबर मलेच पोकळ?" त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पंचायतीत कोनी बोललं होतं का त्यायच्याजवळ?"

मी ओळ उतरवून घेतली. निघताना त्यांनी पुन्हा बोलावलं आणि विचारलं, की विवर जितकं मोठं तितकं जास्त ताकदीचं, असंही कुठं आहे का? मी म्हटलं, आहे. तेराव्या ओळीत असेल. तेरावी कोणाकडं गेली, त्यांनी विचारलं. संध्याकाळपर्यंत त्यांचा माणूस तेरावी शोधत गावभर फिरत होता, आणि त्यामुळे मला पाच ओळी आयत्या मिळाल्या.

बाजारातल्या कारभारी भजीवाल्याकडे वेगळीच तऱ्हा. त्याच्या वाटीवर होतं, *१९. आत काय आहे ते बाहेरून कधीच कळणार नाही.* त्यानं त्या वाटीत चटणी घालून बाकड्यावर ठेवली होती. दोन गिऱ्हाइकांनी ती वाचली आणि भजी न खाता उठून गेली.

"तीस वर्सं माह्या हातचं खाल्लं गुरुजीनं," कारभारी म्हणाला. "एकदा तरी म्हनाचं होतं तोंडावर, की कारभारी, तेल बदल. हे वाटीवर लिव्हून जानं म्हंजे..."

मी त्याला समजावलं. त्यानं अर्धा पाव भजी बांधून दिली आणि बजावलं, की रस्त्यात सगळ्यांना दिसेल अशी खा.

मोतीराम आणि त्याचा धाकटा भाऊ यांची शेताची वाटणी तीन वर्षं अडलेली होती. दोघांच्या मिळून एका घराला एकच वाटी गेली होती आणि ती मधल्या दारात, बरोबर उंबऱ्यावर ठेवलेली होती. *२३. तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यात सगळं असतं.*

"गुरुजीनं निकाल देला," मोतीराम म्हणाला. "वाटनी नको. असंच लिव्हलं."

आतून भाऊ ओरडला, "असं नाई लिव्हलं! तुकडे करा असं लिव्हलं! ज्याच्या त्याच्या तुकड्यात समदं येते, विहीर बी!"

"विहीर कशी येईल बे दोन्हीकडे?"

"गुरुजीले विचार!"

मी ओळ उतरवली आणि सिद्धांतातली विहीर जरा अंधुक असते हे न सांगता निघाले.

सरस्वतीबाईंनी वाटी देव्हाऱ्यात ठेवली होती. *२८. आपण सगळे केवळ चित्र असू.* तिला कुंकू लावल्यामुळे 'केवळ' वाचायला वेळ लागला. हे कुठल्या पोथीतलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नानांच्या. त्यांनी वाटीला हात जोडले. तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं.

चार दिवस मी फिरले. एका घरी चौथीतलं पोर त्याच वाटीत जेवायला बसलं होतं, त्याचं वरण संपेपर्यंत वाट पाहून सातवी ओळ मिळवली. एकवीस आणि बावीस, दोन शेजारणींच्या, एकीत दुसरी अडकून बसल्या होत्या आणि लोहाराकडे सोडवून आणाव्या लागल्या. तेरावी धाड गावी माहेरी गेलेल्या सुनेच्या पिशवीत निघाली. नारायणरावांनी त्यासाठी जीप पाठवली. वहीत ओळी एकेक करून भरत गेल्या आणि नानांचा आवाज परत यायला लागला. पंचविसाव्या ओळीला ते तावात आले होते. एकतिसाव्याला त्यांना स्वतःलाच शंका आली होती. तेहतीसपासून लहानशी वाक्यं होती, जशी ते तास संपत आला की बोलत.

*३४. हे सगळं चुकीचं असण्याची शक्यता बरीच आहे.*

*३५. पण एका माणसाला मी अजून विचारलेलं नाही.*

आणि छत्तीस नव्हती.

यादी करून पाहिली. सगळी घरं झाली होती, एक सोडून. ते घर मी शेवटी ठेवलं होतं, कारण तिथं गेल्यावर नानांबद्दल बोलावं लागणार होतं. जानरावकाका पोस्टमन होते. नाना आणि ते, रोज संध्याकाळी, सरोवराच्या वरच्या कडेला दगडावर बसून भांडत.

"जयभीम, काका."

"ये, सिंधू. बस." त्यांनी स्वतः खाली घोंगडी टाकली. आतून केसरकाकू आल्या, मला बघून थांबल्या, आणि पदर तोंडाला लावून परत आत गेल्या.

"काकू आत का गेल्या?"

"वाटीपायी आली ना तू? तेच ऐकून राह्यलो चार दिवसांपासून. थांब." ते आत बघून म्हणाले, "ये बाहेर. फाशी नाई देत कोनी."

केसरकाकू बाहेर आल्या. "पोरी, गेली वं ती."

"कुठं?"

"तळ्यात. चकचकीत व्हावी म्हून खाली घेऊन गेली मी. तिथल्या खाऱ्या चिखलानं घासलं की भांडं कसं निघते तुले मालूम हाय. गुरुजीची वाटी, म्हटलं चांगली घासावं. हातातून निसटली. मंग चिखलात पाय, पोटऱ्या, कंबर. तरी नाई सापडली."

"तिले ओढून काढलं दोघांनी," काका म्हणाले. "वाटीच्या मागं हेबी गेली असती आत."

छत्तिसावी ओळ खड्ड्यात गेली होती. हसावं की काय करावं हे मला कळेना. काकूंनी मला चहा दिला, तो मी पूर्ण प्यायले.

"काका, तुम्ही वाचली होती का?"

"हाव. आनल्या आनल्या वाचली."

"काय होतं?"

ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "लिव्हलं होतं, *सिंधू, शंका असेल तर इथं लिही.* बस. पुढं इंद्रभाननं काहीतरी रांगोळी काढली होती."

इथं मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जानरावकाकांनी तीस वर्षं गावातल्या लोकांना पत्रं वाचून दाखवली, आणि त्यांनी वाचलेल्या पत्रात कधी कोणाचा पोरगा नापास झाला नव्हता. सासरी पोरी सुखात असत. मुंबईला गेलेली माणसं लवकरच येत असत. सगळ्या गावाला हे माहीत होतं, तरी लोक पत्र वाचून घ्यायला त्यांच्याकडेच येत. आणि आता ते माझ्यासमोर बसून मला हवी तशीच ओळ सांगत होते.

"काका, खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो."

"मी फेब्रुवारीत येते म्हटलं होतं. त्यांनी शेवटी माझ्याबद्दल काही वेडंवाकडं लिहिलं असेल तरी चालेल."

"मले चालत नाई," ते म्हणाले. "पन हे मी बनवलेलं नाई."

त्यांच्या तोंडाकडे पाहून काही कळण्यासारखं नव्हतं. त्या तोंडानं तीस वर्षं सराव केला होता.

मी परत बसस्टँडवर गेले. इंद्रभान एका घागरीवर आडनाव टाकत होता.

"भाऊ, छत्तिसाव्या वाटीवर काय होतं, आठवतं का?"

"मी वाचत नाई, ताई. सांगितलं ना."

"काहीच नाही आठवत? लांब होती, आखूड होती?"

"ती होय!" त्यानं हातोडी खाली ठेवली. "ती चांगली याद हाय. डोक्याला तापच होता. थोडे अक्षर, आन् पुढं नुसते टिंबं. आपन अक्षर काढतो टिंबाटिंबानंच, पन इथं टिंबंच अक्षर. मोठे, जाड. एकेक टिंब दहादा ठोकलं. मोजून बावीस."

"बावीस टिंबं?"

"बावीस. कमी नाई, जास्त नाई. जसं लिव्हलं तसं. गुरुजीनं टिंबं काऊन काढली असतील, मले तव्हाबी नवल वाटलं."

मला नवल वाटलं नाही. मी ती टिंबं शेकडो प्रश्नपत्रिकांवर पाहिली होती. नाना उत्तरासाठी जागा सोडत ती टिंबांनी, आणि जागेपेक्षा लांब उत्तराला गुण देत नसत. जानरावकाकांना रांगोळी वाटली होती ती मी लिहावं म्हणून सोडलेली जागा होती. काका या एका वेळी खरं बोलले होते.

मी पायरीवर बसले. मग इंद्रभाननं पुन्हा पाणी दिलं.

पुढं पंधराएक वर्षांनी मी वाचलं, की परदेशातल्या मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांनीही जग हा एखाद्या होलोग्रामसारखा प्रकार असू शकेल असं मांडलं. त्यांच्याकडे गणित होतं. नानांच्याकडे वाट्या होत्या. शंका मात्र मला आली ती त्या दिवशी, त्या पायरीवर, आणि ती अजून फिटलेली नाही.

तिथल्या तिथं मी दुकानातून एक वाटी घेतली आणि पिशवीतल्या वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं. इंद्रभाननं ते चष्म्याजवळ धरलं.

*मग काठाबाहेर उभं राहून वाचतं कोण?*

"भाऊ, बावीस टिंबांच्या जागेत बसलं पाहिजे."

त्यानं बोटानं अक्षरं मोजली. "सतरा. प्रश्नचिन्ह धरून अठरा. बसते की." मग तो अडला. "कोनाच्या नावानं टाकू? म्हंजे कागद जाळाचा की नाई, ते पाहा लागते."

"जिवंत माणसाचा आहे."

"मंग ठेवतो." त्यानं तो कागद खरंच खिशात ठेवला. "वाटी आत्याबाईकडे देऊ?"

"नको, जानरावकाकांकडं द्या. त्यांची हरवली. आणि केसरकाकूंना सांगा, विहिरीवर घासा."

त्यानं वाटी गुडघ्यात धरली, छन्नी टेकवली, आणि पुन्हा वर पाहिलं.

"ताई, चार टिंबं उरतात. टाकू का नको?"

"टाका," मी म्हटलं.